तिकडच्या पोरांची मापं

सातवीतून शाळा सोडून मी उल्हासनगरला आलो, तेव्हा कटिंग मास्तरांनीच मला कपड्यांच्या कारखान्यात लावलं. आम्ही शिवलेले लहान मुलांचे कपडे परदेशात जातात. ऑर्डर आली की मास्तर गळ्यातली टेप ओढत पुटपुटतात, "परत कमी. तिकडं पोरंच होत नाहीत, बाबा." काम जाईल म्हणून मला धडकी भरते. त्यात गावी बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले. मास्तरांना भीत भीत सांगितलं, तर म्हणाले, "तिकडं कोणी जन्मत नाही, इकडं तू थांबत नाहीस. मी कुणाची मापं धरू?" सगळे हसले; मला मात्र मास्तर रागावलेत असं वाटलं.

बाळाला पहिलं झबलं जुन्या कापडाचंच घालतात. त्याच दुपारी मास्तरांनी स्वतःचा मऊ पडलेला सदरा कापून ते शिवलं. "शिवणीत दोन बोटं कापड जास्त ठेवलंय. वाढेल तसं उसव," म्हणाले. रागावलेला माणूस वाढीचं कापड कशाला ठेवेल, मला कळेना.