एका बोटाचा आधार

भर आरतीत पुतण्याचा फोन आला. सोनारीच्या देवळात नगारा आणि घंटा एकदमच वाजत होत्या, म्हणून एक कान दाबत मी बाहेर आले. "काकू, आई गेली," तो पुण्याहून म्हणाला. "कुठं गेली?" मी विचारलं... आणि विचारल्यावर मला कळलं.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे आधीच गेलेले, पोरं नोकरीपायी बाहेर. एका भिंतीच्या दोन बाजूंना आमच्या दोन चुली, पण चहा एकाच चुलीवर, आणि संध्याकाळची आरतीही बरोबरच. आक्का डोळे मिटून उभ्या राहायच्या. काही वर्षांमागं अशाच उभ्या असताना त्या झुलायला लागल्या.

तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! सातवी पास, पोथीला वेगळा चष्मा, आणि गावात कुणाच्या अंगात खरं येतं, कुणाच्या खोटं, याचा निकाल द्यायला स्वतःच बसलेली. "आक्काच्या अंगात आलं," असं मीच आधी जाहीर केलं. पायावर डोकंही पहिलं माझंच. लगे हात सुनेशी माझं जमंल का, तेही विचारून घेतलं. आक्का गप्प. देव बोलला नाही म्हणजे होकारच, असा सोयीचा अर्थ लावून मी उठले. मागं बायकांची रांग लागली होती.

घरी चहा पिताना आक्का हळूच म्हणाल्या, "सुमे, देव-बिव काय न्हाय गं. डोळं मिटलं की खालची जमीनच सरकतीय."

"मग मी पाया पडले तवा सांगायचं न्हाय व्हय?"

"तू पडलीस व्हय पाया?" त्यांनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. "मला तर कुणी हात लावल्यालं कळलंच न्हाय."

माझ्या बशीतला चहा तसाच राहिला.

परंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्यासारखा दोन दातांचा एक लोखंडी काटा वाजवून आक्कांच्या घोट्यावर टेकवला. त्याची थरथर आक्कांना कळेना. मग पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला लावले, आणि आक्का देवळातल्यासारख्याच झुलल्या. बाई म्हणाल्या, तळवे आणि घोटे जमिनीची खबर सारखी वर पाठवत असतात. साखरेच्या आजारानं आक्कांची ती खबर बंद पडलीय, आता त्या डोळ्यांच्या भरवशावर उभ्या आहेत. डोळे मिटले की आपण कुठं कललोय तेच अंगाला कळत नाही. घट्ट धरायलाच पाहिजे असं नाही, कशाला तरी नुसतं बोट टेकलं तरी बराच फरक पडतो.

"पोराला सांगू नगं," येताना एसटीत आक्का म्हणाल्या. "पुण्याला न्हिऊन खुर्चीत बसवंल मला." मी म्हणलं, मग डोळे उघडे ठेवून हात जोडा. तर म्हणाल्या, "देवाम्होरं डोळं उघडं ठिवून काय हिशोब मागायचाय व्हय?"

त्या दिवसापासून आरतीला त्यांचं एक बोट माझ्या मनगटावर, बांगड्यांच्या जरा वर. वजन म्हणाल तर माशी बसल्याइतकं. पण आक्का खांबासारख्या उभ्या. देव आला तसा गेला म्हणून बायका जरा हिरमुसल्या. आम्ही दोघी मात्र घरी येईपर्यंत पदराआड हसायचो.

पण न्हाणीत बोट टेकायला माझं मनगट कुठलं असणार? तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि आक्का तिथंच पडल्या. खुबा मोडला. पोरानं पुण्याला नेलं, त्याचंही काय चुकलं? फोनवर आक्का विचारायच्या, "मनगट हाय का जाग्यावर?" मी म्हणायची, "हाय की, जातंय कुठं." त्या बसूनच हात जोडत होत्या. गेल्याही खुर्चीतच, दुपारच्या चहाची वाट बघत.

आता आरतीला मी एकटी जाते. डावा हात अजून जरा बाजूला काढूनच उभी राहते. ती सवय काही जात नाही... परवा डोळे मिटले आणि मीच झुलले. शेजारची नवी सून चटकन वाकली, माझ्या पायांवर तिनं डोकं ठेवलं. तिचे गार हात, कपाळ, कपाळावरचं ओलं कुंकू, सगळं मला कळलं. म्हणजे पाय शाबूत आहेत माझे, नव्हतं ते मनगटावरचं बोट.

मी डोळे उघडले, आणि आरती संपेपर्यंत उघडेच ठेवले.