तुरुंगातला मंगळवारचा तास

शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, पण सांगावेत असे किस्से तिथं फार जमले नाहीत. जमले ते तुरुंगात. एका संस्थेनं मुस्लिम कैद्यांसाठी आर्ट थेरपी सुरू केली आणि रिटायर झालेला मी दर मंगळवारी नेकनूरहून एसटीनं जायला लागलो. थेरपी हा शब्द तिथं कुणी वापरत नाही. ते 'चित्राचा तास' म्हणतात. त्या तासाला ऐकलेलं घरी सांगवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

*

पहिल्याच दिवशी म्हटलं, "आपापलं घर काढा."

रफिक गॅरेजवाला, केस अजून चालू. त्यानं विचारलं, "सर, बाहेरून काढू का आतून?"

"कसंही काढ."

त्यानं नुसतं दार काढलं. कडीला कुलूप.

"कुलूप कशाला?"

"बायको लेकरं घेऊन माहेरी गेली. आता कसंबी काढलं तरी असंच दिसतंय."

*

हमीदचाचा वयानं सगळ्यात मोठे, पाच वेळचे नमाजी. माणसांची चित्रं ते काढत नाहीत. त्या दिवशी विषय होता 'घरची माणसं'. पंचाईत माझी झाली, त्यांची नाही. त्यांनी उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला रंगवल्या. बायकोच्या, दोन मुलांच्या, नातीच्या इवल्याशा.

"चाचा, यात तुमच्या कुठल्या?"

"माझ्या कशा असतील? माझ्या पायात हायत."

*

संस्थेच्या मॅडम एकदा फॉर्म घेऊन आल्या. 'चित्र काढल्यावर कसं वाटतं?' सगळ्यांनी भराभर 'बरं वाटतं' लिहिलं. रफिकचा पेन अडला.

हळूच मला म्हणाला, "सर, चित्र काढलं की घर लई आठवतं. खरं लिवलं तर तास बंद करतील का?"

"नाही रे, लिही खुशाल."

त्यानं जरा विचार केला आणि 'बरं वाटतं' लिहिलं.

*

सलीम पेंटर. केज तालुक्यातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्याची आई वारली. मातीला त्याला जाता आलं नाही. मला वाटलं, या मंगळवारी येणार नाही. तर सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला. मोठा कागद मागितला आणि दुकानाच्या पाटीसारखी ठसठशीत अक्षरं काढली, लाल, खाली काळी सावली. 'जैतुनबी.'

"इतक्यांची नावं लिवली, सर," तो म्हणाला. "तिचं कुठंच न्हाई. रेशनकार्डावर हाय, ते बी चुकीचं."

*

युनूसभाई युसूफ वडगाव या गावचे. बांगड्या विकायचे. लेकीचं, शबानाचं लग्न ठरलं. लग्नाला जायला मिळणार नव्हतं, म्हणून म्हणाले, "सर, मला मेंदीची नक्षी शिकवा."

मलाच येत नव्हती. दोघांनी मिळून जमवली. किती कागद फाडले, गणती नाही. हाताचं माप विचारलं तर लगेच म्हणाले, "दोन-चारची बांगडी बसती तिला." मग थांबले. "म्हंजे, मी होतो तवा बसायची."

कागद बायकोच्या हाती घरी गेला. लग्नानंतर बायको भेटून गेली, त्या मंगळवारी आम्ही सगळे वाट बघत बसलेलो.

"काढली का मेंदी?" हमीदचाचांनी विचारलं.

"काढली. दोन्ही हातांवर. सासरच्या बायकांनी विचारलं, नक्षी कुणाची. पोरगी म्हणाली, बीडच्या पार्लरवालीची."

युनूसभाई ब्रश धूत होते.

"म्हंजे पार्लरसारखी जमली, सर," ते म्हणाले.