पाठ करून बसलेला मिस्त्री

पौडच्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या नवऱ्याचा जुना ट्रक मालेच्या वळणावर उलटला आणि त्यात ते गेले. डुलकी लागली असणार, असं सगळे म्हणाले. इंजिन मधेच आपोआप बंद पडतं, असं ते मला त्याआधी महिनाभर सांगत होते. मला तो त्यांचा भास वाटला होता.

उलटलेला ट्रक मी ओढून त्याच्या गॅरेजात आणवला. मिस्त्रीने इंजिनच्या कॉम्प्युटरची डबी हेअर ड्रायरने तापवली, इंजिन चालू केलं आणि मान कलती करून ट्रककडे पाठ करून बसला. मलाही तसंच बसवलं.

"बगू नका, वैनी. बगत बसलं की ह्यो शहाण्यावानी चालतोय."

भर दुपारी आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने इंजिन थांबलं. मी वळून पाहिलं. केबिनमध्ये कुणीच नव्हतं.

त्याने डबी उघडली आणि आतला, तापल्यावर सुटणारा सोल्डरचा एक बारीक टाका दाखवला.

"हितं सुटलं, की इंजिन बंद आन् स्टेरिंग घट्ट. मालक जागंच व्हतं, वैनी."

टाका जोडायला त्याने सोल्डरगन उचलली. मी त्याला थांबवलं.

"दादा, आणखी एकदा बंद पडू द्या."