डबड्यावरचा हार

पंचेचाळिशीत मला माझ्याइतकं शहाणं अख्ख्या जळगावात कोणी दिसत नव्हतं. संशय घेणं म्हणजेच अक्कल, अशी माझी पक्की समजूत होती.

आमचे हे तंत्रशाळेत वीजकाम शिकवायचे. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. घरोघरी कॉम्प्युटर कुठला असायला? ह्यांनी मुंबईहून सुटे भाग आणले, एका मोडक्या छोट्या टीव्हीची काच लावली आणि गोडेतेलाच्या डब्यात स्वतःच एक कॉम्प्युटर उभा केला. तो बसवला कुठे, तर आमच्या जुन्या जीपमध्ये, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला. चाकाला लोहचुंबक, तिथून डब्यात वायर. गाडी हलली की काचेवर हिरवे आकडे उमटायचे: वेग किती, किती किलोमीटर झाले, पोचायला किती मिनिटं.

"अहो, वेगाचा काटा आहे की गाडीत!"

"काटा अंदाजे सांगतो गं. हा मोजून सांगतो."

मोजून सांगतो म्हणजे आपण कुठे गेलो ते लिहूनही ठेवत असेल, असं माझ्या मनाने घेतलं. शिवाय हे त्या आकड्यांकडे बघून गालातल्या गालात हसायचे. तसं माझ्याकडे बघून हसल्याला वर्षं झाली होती. मी शेजारी बसून ह्यांची नजर मोजायला लागले. घरापासून अजिंठा चौफुलीपर्यंत अकरा वेळा डब्याकडे! मी म्हटलं, हा डबा एक दिवस आपल्याला खड्ड्यात घालणार.

तेवढ्यात धुळ्याहून निरोप आला. लेकीला सातवा महिना लागला होता, पहिलं बाळंतपण, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत माहेरी घेऊन जा. त्या उन्हात तिला यष्टीचे धक्के नकोत म्हणून जीपनेच आणायचं ठरलं. पण तो डबा? सांगून हे ऐकणारे नव्हते. म्हणून निघायच्या सकाळी मी गाडीची पूजा मांडली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि झेंडूचा जाडजूड हार थेट डब्याच्या काचेवर बांधला. पूजेचा हार परत येईस्तोवर काढायचा नाही, ही आमच्या घरची रीत. हे माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे मिटून हात जोडले होते.

एरंडोलपर्यंत मी महाराणीसारखी बसले. मग दिसलं की हे डाव्या हाताने हार उचलून खाली डोकावताहेत. आधी नुसती नजर जायची, आता हातही जायला लागला! पारोळ्याच्या अलीकडे ह्यांनी हार वर केला आणि समोर मेंढरांचा कळप. ब्रेक करकरले, जीप रस्ता सोडून बाभळीत शिरली. कोणाला काही झालं नाही. एक मेंढी तेवढी बॉनेटचा वास घेऊन गेली.

धुळ्यात विहीणबाई दारातच उभ्या होत्या. बाभळीचे ओरखडे बघून म्हणाल्या, "वाटमा काय व्हयनं?"

ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले. मेंढरं, बाभळ, डबा, सगळं. हावभावांसकट. मी आधीच सांगत होते, हे चारदा सांगितलं. हार कोणी बांधला, तेवढं मात्र गाळलं. हे चहाच्या बशीत बघत बसले.

विहीणबाई जीपपाशी गेल्या, डबा न्याहाळला आणि ह्यांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गाडी हाकतस का हाई दखतस?" मग माझ्याकडे वळून, "मन्ही सून यष्टीमा जाई."

झालं! आयुष्यात एकदा माझा संशय कोणीतरी खरा मानला आणि शिक्षा झाली माझ्याच लेकीला. "मी डबा काढून ठेवतो," असं हे दोनदा म्हणाले, पण विहीणबाईंनी ओटी भरून टाकली होती. व्याही नाना तिच्या सोबतीला यष्टीत बसले. पुढे यष्टी, मागे आम्हा दोघांची जीप, अशी वरात धुळ्याहून निघाली.

पारोळ्याच्या स्टँडवर मला राहवेना. नानांना म्हटलं, "तुम्ही जीपमध्ये बसा, मी लेकीजवळ बसते." नाना फारच लगबगीने उतरले. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आम्हाला शेवटचं बाकडं मिळालं होतं. यष्टी सुटली आणि मी मागच्या काचेतून बघितलं, तर हाराचा पत्ता नाही. दोन्ही व्याही डब्यावर वाकलेले, नाना बोटाने एकेक आकडा दाखवताहेत आणि हे मान डोलावताहेत.

"आई," लेक म्हणाली, "बाळ हलतंय. हात ठेव ना."

"थांब गं," मी म्हटलं, "ह्यांनी परत खाली बघितलं. चौदा वेळा झालं!"

 थोड्या वेळाने तिनेच माझा हात ओढून पोटावर ठेवला. पण तोवर बाळ झोपलं होतं.