शेजारचे तंबोरेवाले

मुलांनो, नादाने मन शांत करायच्या वर्गाला तुम्ही जाता असं कळलं, म्हणून मिरजेच्या आमच्या शेजाऱ्यांबद्दल लिहिते. ते तंबोरे बनवत.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आल्यावर तुमचे आजोबा डोळे मिटायलाच घाबरू लागले. तेव्हा हे शेजारी रोज दुपारी नवा तंबोरा घेऊन येत.

"वहिनी, दुकानात लय गोंगाट हाय. सूर हितंच तपासतो."

बाजार बंद असे त्या दिवशीही कारण तेच. मग खाटेजवळ बसून तारा छेडत राहत.

एकदा पुण्याचे गवई तंबोरा न्यायला आमच्याच दारात आले. "आटपा, माझी गाडी सुटेल!"

"सुटू द्या. सायबांचा आत्ता कुठं डोळा लागलाय." त्यांनी हात थांबवला नाही. गवई ओसरीवर बसले. असा शेजारी आमचा, याचा मला फार अभिमान वाटला.

तंबोरा पुण्याला गेला. आजोबांची दुपारची झोप अजून टिकून आहे.