चेनला लावलेलं तेल

सायकलवरून गावोगाव फिरण्यात फार सुख असतं असं म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा उमरोळीपासून बोईसरपर्यंत ट्रेलरच्या मागून सायकल चालवायला लावणार आहे. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ, आणि रस्त्याच्या कडेला फुगून पडलेलं मेलेलं कुत्रं. ते चुकवायला मी हँडल वळवलं आणि नेमकी तेव्हाच ह्यांच्या सायकलची चेन उतरली. हे म्हणजे माझे यजमान. त्या कुत्र्यापासून दोन हातांवर उकिडवे बसून चेन चढवू लागले. जणू अंगणात बसलेत. मी ओढणीत नाक खुपसून लांब उभी राहिले.

थोड्या वेळाने ह्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि झटकन उठत म्हणाले, "अगं, काय वास मारतंय हे."

माझ्या हातातून सायकल सुटायची राहिली. कारण ह्यांना वास येणं बंद होऊन बरेच महिने झाले होते.

हे बोईसरच्या एका केमिकल कंपनीत नोकरीला होते, रिटायर होईपर्यंत तिथेच. नाक कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. मला कळलं ते एका सकाळी. गॅसवर दूध करपून कोळसा झालं होतं, शेजारच्या बाई दारात येऊन "काय जळतंय" विचारत होत्या, आणि हे शेगडीपासून हाताच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं त्या हवेत गेली, आता नाक परत येईल किंवा येणारही नाही. मोकळ्या हवेत फिरा, धीर धरा.

धीर धरणं ह्यांच्या स्वभावात नाही. घरात बसून बसून माणूस आंबला होता. त्यात जुन्या कंपनीचा फोन आला की कॉन्ट्रॅक्टवर परत या, त्याच प्लँटवर. हे एकदम खुलले. मी आडवी आले. ज्या प्लँटमध्ये काही गळलं तर आधी नाकालाच कळतं, असं हेच आयुष्यभर सांगत आले, तिथे नाक नसलेल्या माणसाने काय करायचं? दोन दिवस अबोला झाला. शेवटी ठरलं असं: वास यायला लागला तर जायचं, नाहीतर नाही म्हणायचं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी पालघरहून माझ्या माहेरी, नवापूरला, सायकलने जायचं आणि परत यायचं ही टूम ह्यांचीच. मोकळी हवा मिळेल म्हणे. सायकली मुलांनी टाकून दिलेल्या, गिअरच्या, गच्चीच्या जिन्याखाली गंजत पडलेल्या. हवा भरली, पुसल्या आणि निघालो. मी पंजाबी ड्रेस आणि बूट अशा अवतारात. कोळगावच्या फाट्यावर ओळखीच्या बाई भेटल्या, त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं नाक लहानपणापासून तिखट. मासेमाराची मुलगी असून नासकं म्हावरं मला दारातूनच कळायचं आणि मी तोंड वाकडं करून बसायचे. आई म्हणायची, हिच्यासाठी सासर गुलाबाच्या बागेत बघा. मिळालं पालघर, स्टेशनजवळच्या गटारापाशी. किळस मला फार लवकर येते, आणि आली की लपवता येत नाही.

तर ते कुत्र्याचं झालं आणि मी हरखले. पुढे बोईसरच्या नाक्यावर गटार तुंबून रस्त्यावर आलं होतं. काळं, फेसाळ पाणी. माझे दोन्ही बूट त्यात गेले. ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि नाक दाबलं. "श्शी," म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या "श्शी"ने मला कधी इतका आनंद झाला नव्हता. चेन आणखी दोनदा उतरली, गिअर बदलला की कटकट आवाज करून दातऱ्यावरून घसरायची. हे शिव्या देत बसायचे आणि मी कौतुकाने बघत उभी राहायचे. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर मला वेड लागलंय असं म्हटलं असतं.

एक मात्र खटकत होतं. नाक आलं तर सोमवारी हे कामावर जाणार होते. ते मला नको होतं. पण शब्द दिला होता, आणि नाक येणं ही चांगलीच गोष्ट होती. मी स्वतःला गप्प केलं.

नवापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. किनाऱ्यालगत बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत टाकले होते, लांबच्या लांब रांगा. तो वास आला आणि माझं अंग सैल झालं. बाहेरच्या माणसाला तो घाणच वाटतो, मला तो माहेर वाटतो. हे शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहून हसले. "आहा, बोंबील," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी वाऱ्यावर ढकललं.

भावाकडे जावई आले म्हणून धावपळ. वहिनीने तव्यावर लसूण टाकला तेव्हा मी ओट्याजवळ उभी होते, हे बाहेरच्या खोलीतून बघत होते, तिथूनच म्हणाले, "लसूण फर्मास लागलाय." वहिनी लाजली. जेवताना हे भावाला सांगू लागले की चेन कोरडी पडलीय, तेल लागेल. भाऊ म्हणाला, "आमी करून देतो. तुमी नाय हात लावायचा, जावई हाव." आमच्याकडे जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. ह्यांना त्याचा राग येतो. प्लँटमधले पंप उघडून बसवणारा माणूस, त्याला सायकलच्या चेनला हात लावायची बंदी.

म्हणून सकाळी बोट येणार असल्याने आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो तेव्हा हे पाय दुखतात असं सांगून मागे राहिले. परत आलो तर अंगणात दोन्ही सायकली उलट्या उभ्या, आणि हे पेडल हाताने गरागरा फिरवतायत. तोंडभर हसत म्हणाले, "बघ, कशी फिरतेय. आवाज नाही."

आवाज नव्हता. वास होता. दारातच तो माझ्या तोंडावर आपटला आणि मी होते तिथे थांबले. मासळीच्या काळजाचं जुनं तेल. माझे वडील ते कढवून ठेवायचे आणि होडीच्या लाकडाला चोळायचे. भाऊ अजून त्याच्या जुन्या होडीला लावतो. ज्याने ते एकदा हुंगलं तो जन्मात विसरत नाही. मेलेली शार्क उन्हात महिनाभर ठेवून वर एरंडेल ओतावं, असं काहीतरी. पडवीत दोन कॅन असतात, एक ह्या तेलाचा आणि एक इंजिनच्या ऑइलचा. दोन्ही सारखेच काळपट. त्यातला कुठला कुठला हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल, झाकण उघडायचीसुद्धा गरज नाही.

ह्यांनी झाकण उघडून, हात बुडवून, दोन्ही सायकलींच्या चेन तेलाने न्हाऊ घातल्या होत्या. कोपरापर्यंत हात माखले होते.

वहिनीने पदर नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "भावोजी, त्ये तेल—" तिने सुरुवात केली. मी मान हलवली. ती गप्प झाली. मी काय सांगणार होते? सगळी आळी दारात उभी होती. आणि सांगितलं असतं तर चेनचं सांगितलं नसतं, नाकाचं सांगितलं असतं.

मग साबणाने हात धुऊन हे जेवायला बसले. साबणाने तो वास जातो होय? तांदळाची भाकरी त्याच हाताने मोडून खात होते. बोटं चाटत होते. मी चहाही घेतला नाही. मला त्या तेलाची किळस आली, त्या बोटांची आली, आणि सगळ्यात जास्त आली ती त्या "आहा, बोंबील"ची. आदल्या दिवशी डोळ्यांत आलेलं पाणी आठवून माझे मलाच कान धरावेसे वाटले.

परतीचा रस्ता मी कसा काढला ते मलाच ठाऊक. प्रत्येक पेडलला थेंब उडून सलवारीवर बसत होते. वाळू त्या चिकट तेलाला चिकटली आणि थोड्या वेळात दोन्ही चेन करकरायला लागल्या, ह्यांची तर दर चढावाला उड्या मारू लागली. हे पुढे, मी मागे. काही बोलायला तोंड उघडलं की तोच वास तोंडात जायचा. बोईसरच्या कारखान्यांपाशी पोचलो तोवर ह्यांची चेन पार दातऱ्यात अडकून बसली.

चहाच्या टपरीपाशी सायकल उलटी केली. शिफ्टवरून सुटलेले कामगार बाकावर बसले होते. टपरीमागून एक मांजर आलं. मग दुसरं. दोन्ही चेनपाशी येऊन हुंगायला लागली, आणि पहिल्याने सरळ चाटायलाच सुरुवात केली. हे हुसकावत होते, ती परत येत होती. बाकावरच्या एकाने गमछा नाकाला लावला आणि म्हणाला, "अंकल, मछली लेके जा रहे हो क्या?"

"नहीं तो," हे म्हणाले. मग त्यांनी मांजराकडे पाहिलं. चेनकडे पाहिलं. आपले हात नाकापाशी नेले, जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला. मला ते बघवलं नाही.

"कुठलं तेल होतं ते?" त्यांनी मला विचारलं.

"होडीचं."

"तुला कधी कळलं?"

"सकाळीच. अंगणात पाय टाकला तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही भाकरी खात होतात," मी म्हटलं, आणि मग माझा तोल गेला. "ते कुत्रं? ते गटार? बोंबील, लसूण, सगळं खोटं?"

हे खाली बसून चेनमधून वाळू काढत राहिले. मग म्हणाले, "तुझं तोंड."

"काय माझं तोंड?"

"तुला वास आला की तोंडावर दिसतो. घाण असला की एक, चांगला असला की दुसरं. मी तुझ्याकडे बघतो आणि सांगतो. सकाळी तू नव्हतीस."

राग यावा की रडू, ते मला ठरवता येईना. शेवटी रागच आला, तो मला सवयीचा आहे. "आणि उद्या?" मी म्हटलं. "माझं तोंड काय तुमच्या प्लँटमध्ये येऊन उभं राहणार आहे?"

बाकावरचे कामगार चहा प्यायचे थांबले. मराठी त्यांना किती कळली कोण जाणे. हे उठले, सायकल सरळ केली आणि चालत निघाले. चेन काही बसली नाही. उमरोळीपर्यंत सायकली हातात धरून चाललो, पुढे एका टेम्पोवाल्याने घेतलं, तेही आम्ही मागे बसायच्या अटीवर.

सोमवारी सकाळी ह्यांनी फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम बाहेर आले नाही. ह्यांनी प्रकृतीचं कारण सांगितलं, नाकाचं नाही. दोन वाक्यांत संपलं. मग हे रॉकेल आणि चिंध्या घेऊन गच्चीवर गेले.

बऱ्याच वेळाने हाक आली. दोन्ही चेन काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या होत्या, आरशासारख्या चकचकीत. हे घामाने भिजले होते. "बघ गं, गेला का?"

मी वाकले. नाक जवळ नेलं. रॉकेलच्या खाली, कडीकडीच्या आत, ते मासळीचं तेल तसंच बसलं होतं. मी ठरवलं होतं की गेला म्हणायचं. तोंड सरळ ठेवलं, ओठ मिटले, श्वाससुद्धा धरला.

हे माझ्याकडेच बघत होते.

"नाही गेला अजून," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरी चिंधी उचलली.