गाठ मारलेल्या पन्न्या

आमच्या रिठद गावात कोनालेबी इचारा, "शालिकराम कुठं राह्यते?" तं म्हनन, "कोनता, पन्नीवाला?" दीड एकर भाजीपाला पिकवनारा मानूस, आनू त्याची वळख काय, तं पन्नीवाला! मी त्याची बायको, गोजराबाई. नवऱ्याचं नाव घ्याची मले लाज नाई, पंचवीस वर्सं झाली आता. पन त्याईच्या पाई काय काय आयकून घ्या लागलं, ते माह्या जिवाले माईत.

सुरवात पालकाच्या वाफ्यापासून झाली. तीन वर्साआधी एका वाफ्यात पालक उगवेचना. बी तेच, पानी तेच. यायनं कुदळ घातली, तं वीतभर खाली पन्न्याच पन्न्या, पिलास्टिकच्या पिशव्या. गावातला उकिरडा आमीच खताले आनला होता, त्याच्यातूनच त्या वावरात आल्या. त्या दिवशी ते जेवले नाई. दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठले की आधी पोतं, मंग चहा. आधी आपलं वावर, मंग धुरा-बांध, मंग रस्ता, मंग अख्खं गाव. दारोदार जाऊन "पन्नी द्या, पन्नी" म्हनत. मी म्हनलं, "अवो, लोकं भाकर मांगतात, तुमी कचरा मांगता!"

वाशीमच्या बजारात तं इचारूच नोका. थैली नाई त्याले भाजी नाई. मेथीची जुडी केळीच्या सोपटानं बांधत. समोरचं गिऱ्हाईक बाजूच्या दुकानावर जाये, आनू मी तोंड दाबून बसो.

त्याईची एक रीत होती. उचललेली पन्नी तशीच पोत्यात टाकत नव्हते. पिळा मारत, आनू मधोमध एक घट्ट गाठ. चिंचोक्याएवढी. म्हनत, "मोकळी पन्नी हवेनं उडते, गाठीची उडत नाई." रोज संध्याकाळी वसरीत बसून गाठी मारत. जाड माल भंगारवाला ने, पन या बारीक पन्न्या कोनी घेत नव्हतं. वाशीमहून महिन्यातून एक गाडी ये, ती नेत जाये. तोवर पोते कोरड्यात राह्यले पाह्यजे म्हनून कोठ्यात, गायीच्या बाजूले.

सोभाव मात्र तिखट. शेजारच्या लिलाबाईनं एकदा शिळ्या पोळ्या पन्नीत बांधून गायीसाठी रस्त्यावर टाकल्या. यायनं तिच्या दारात उभं राहून सारी गल्ली गोळा केली. "पुन्न करून राह्यली का खून करून राह्यली तू?" बिचारी रडली. मले तई बी वाटलं, हे जास्तीचं झालं. पन त्याईले सांगन कोन?

आनू मंग ऐन उन्हाळ्यात आखाजी आली. पितराचा घास काढला, कढी-वडे, पुरनपोळ्या, घर पाव्हन्याईनं भरलेलं. उरलेलं सारं मी एका पन्नीत भरलं. राधिका आमची पोरगी, तिच्या सासरच्याईनं त्या पन्नीत जिलबी आनली होती. पन्नी कोठ्यातल्या खुटीले टांगली. म्हनलं, पाव्हने जेवू दे, मंग घमेल्यात रिकामी करतो. तेवढ्यात आवाज आला, "आत्या, पानी!" आनू मी इसरली. संध्याकाळी पाह्यतो तं खुटी रिकामी. कपिली, आमची गाय, तोंड पुसल्यासारखी उभी.

पन्नीसकट खाल्लं, हे मले समजलं. पन यायले सांगतलं नाई. लिलाबाईचं रडनं डोळ्यापुढं होतं ना.

पंदरा दिवसानं कपिलीनं चारा सोडला. रवंथ बंद. डावी कूस फुगून टम्म. आनू सातवा महिना चालू, पोटात वासरू! हे तिच्या कुशीवर हात ठेवून बसून राहत, आनू मी चुलीपाशी बसून देवाले म्हनो, मले काय पाह्यजे ते कर, हिले नोको करू. दर घडीले कोठ्यात जाऊन तिचा जबडा पाहो. हालते का? नाई हालत.

वाशीमचे ढोराईचे डॉक्टर धम्मरत्न आले. कुशीवर थापटून म्हनले, "काका, पोटात पन्नी हाये. कूस उघडा लागन. गाभन हाये, तवा वासराचा भरवसा मी देत नाई."

यायचा चेहरा पाह्यला मी. राग होता त्याच्यावर. "गावानंच चारली," म्हनले. "कोन होय ते मले समजू दे फक्त!"

मी मनात म्हनलं, आता ती जिलबीची पन्नी निघन, आनू मी कुठं तोंड लपवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी कपिलीले उभी बांधून, कूस बधीर करून डॉक्टरनं कापली. गल्ली सारी जमा. लिलाबाईबी पदर तोंडाले लावून उभी. डॉक्टरनं कोपरापर्यंत हात घातला आनू वढलं. काळा, चिकट, सडका गोळा निघाला. मंग दुसरा. मंग तिसरा. घमेलं भरलं. वासानं लोकं मांगं सरकले.

हे पुढं गेले. त्यातलं एक उचललं, पान्यात खंगाळलं. चिंचोक्याएवढी गाठ. दुसरं खंगाळलं. गाठ. तिसरं. गाठ.

कोठ्यातल्या पोत्याकडे साऱ्याईनं एकदमच पाह्यलं. खालच्या अंगानं पोतं कुरतडलेलं होतं, चांगलं हात जाईन एवढं. शेव-चिवड्याच्या, लोनच्याच्या खारट पन्न्या, आनू उन्हाळ्याचं भुकेलं ढोर, ते चाटनच ना! आमी रोज कोठ्यात जात होतो, कोनी वाकून पाह्यलं नाई.

हे म्हनले, "कोनाले काई म्हनू नोका. या माह्या हाताच्या गाठी हायेत."

डॉक्टरनं टाके घातले. म्हनले, "चार दिवसात रवंथ केलं तं वाचन."

पह्यला दिवस गेला, रवंथ नाई. दुसरा गेला. हे पोतं घेऊन निंगाले नाई, वावरात गेले नाई, वसरीतबी बसले नाई. तिसऱ्या दिवशी दुपारी पाह्यतो तं अंगनात सारे पोते रिकामे करून ढीग केलेला, आनू हातात आगपेटी.

"काय करून राह्यले तुमी?"

"जाळतो. सारं जाळतो. माह्याच गायीले मीच चारलं, आता कोन्या तोंडानं लोकाईले सांगू?"

मी धावत जाऊन हात धरला. आनू माह्या तोंडून निंगालं, "त्या घमेल्यात एक बिनगाठीची होती. ती माही."

"तुही? कोनती?"

"आखाजीची. उरलेलं भरून खुटीले टांगली होती मी. इसरली."

"आनू मले सांगतलं काहून नाई?"

"कसं सांगू? लिलाबाईले बोलले तसं मलेबी बोलले असते ना तुमी!" मले हुंदकाच आला. "तई सांगतलं असतं तं पंदरा दिवसाआधीच डॉक्टर आला असता. पन तुमच्यापुढं खरं बोलाचं भेव वाटते मले. मलेच वाटते, तं गावाले किती वाटत असन?"

आगपेटी त्याईनं खिशात घातली. त्या ढिगापाशीच खाली बसले, उन्हात. मंग एकेक पन्नी पोत्यात भरू लागले. मीबी बसली. पोते कोठ्यात नाई ठेवले, वर आड्याच्या लाकडाले टांगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोतं घेऊन लिलाबाईच्या दारात गेले. मी मांगं. वाटलं, आता काय होते देव जाने. ते म्हनले, "वैनी, माह्या गायीच्या पोटात माह्याच पन्न्या निंगाल्या. त्या दिवशी मी तुमाले नोको तसं बोललो. चुकलं माहं."

लिलाबाई आत गेली. बाहेर आली तं हातात पन्न्याचं एक गाठोडं. म्हने, "भाऊजी, सहा महिन्याच्या हायेत. तुमच्या भेवानं चुलीमांगं लपवून ठेवल्या होत्या."

परत आलो तं कोठ्यातून आवाज आला. बारीक, कचकच. मी दारातच थांबली. कपिलीचा जबडा हालत होता.

अजून अडीच महिने हायेत तिले. वासरू जितं जलमन का नाई, डॉक्टरबी सांगत नाई. मी भाकर थापतो आनू कान कोठ्याकडं लावतो. कचकच थांबली की माहा हातबी थांबते. मंग वसरीतून हे इचारतात, "चालू हाये ना?"